दुपारचे जेवण: ऑन्टारिओतील नवागत स्त्रियांच्या आहाराचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील, टोरांटोच्या पश्चिमेस असलेल्या एका शहरातील आहे. तेथील एका सामुदायिक आरोग्य केंद्रात मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. कोणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णय, चुका आणि त्यांचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे.

नव्याने आलेल्या लोकांना इंग्रजी शिकवणारे, सरकारी खर्चाने चालणारे वर्ग कॅनडात १९९२ पासून आहेत. त्यांना तिथे सगळे ‘लिंक’चे वर्ग म्हणतात. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर असा एक वर्ग सकाळी साडेनऊ ते साडेबारा भरत असे आणि शेजारच्या खोलीत लहान मुलांना सांभाळण्याची सोय होती. या वर्गातील १४ स्त्रियांसाठी आहाराचा एक उपक्रम घ्यावा, असे केंद्राने ठरवले. त्यांत अफगाणिस्तान, सीरिया आणि पूर्व आफ्रिकेतील इरिट्रियातून आलेल्या स्त्रिया होत्या, पंजाबातील तिघी होत्या आणि मराठवाड्यातील एक होती. कोणालाच कॅनडात येऊन दोन वर्षे झालेली नव्हती.

उपक्रमामागचे कारण आरोग्याच्या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. परदेशातून येणारी माणसे, सर्वसाधारणपणे पाहता, येताना स्थानिकांपेक्षा निरोगी असतात, कारण वैद्यकीय तपासणीत उतरल्याशिवाय प्रवेश मिळत नाही आणि एवढ्या लांबचा प्रवास मुळात धडधाकट माणसेच पत्करतात. पुढे वर्षे सरतात तसा हा निरोगीपणा ओसरू लागतो. दक्षिण आशियातून आलेल्यांमध्ये मधुमेहाचे प्रमाण पश्चिम युरोपातून आलेल्यांच्या तुलनेत काही पटींनी अधिक आढळते, आणि तोही कमी वयात व कमी वजनावर. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी शरीरभार निर्देशांकाची (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन) सावधगिरीची पातळी २५ ऐवजी २३ सुचवली. मराठवाड्याच्या बाईंचा तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, ६.२ होता. कॅनडात ६.० ते ६.४ हा टप्पा मधुमेहाच्या उंबरठ्याचा मानतात. त्यांचे वय तेव्हा ३४ होते.

पहिला प्रयत्न आणि तो का फसला

सुरुवात मी शिकले होते त्या पद्धतीने केली. कॅनडाची २०१९ ची आहार मार्गदर्शिका भिंतीवर लावली. तिच्यातले ताट समजायला सोपे आहे: अर्ध्या भागात भाज्या व फळे, पाव भागात अख्ख्या धान्याचे पदार्थ, उरलेल्या पाव भागात प्रथिने, आणि प्यायला पाणी. वेष्टनावरील तक्ता कसा वाचायचा हे शिकवले: एखाद्या घटकाचे दैनिक प्रमाण, म्हणजे दिवसाच्या हिशेबातला त्याचा वाटा, ५ टक्के किंवा कमी असेल तर तो घटक थोडा आणि १५ टक्के किंवा अधिक असेल तर बराच. प्रत्येकीला मागील चोवीस तासांत काय खाल्ले ते विचारले. उत्तरे आली ती कोशिंबीर, फळे, दूध, डाळ अशी. मी ती लिहून घेतली आणि या स्त्रियांचा आहार बराच चांगला आहे, असे टिपणही केले.

ती उत्तरे मला बरे वाटावे म्हणून दिलेली होती. परक्या देशात कागदपत्रांसाठी रोज कोणत्या ना कोणत्या खिडकीपाशी प्रश्नांना तोंड देणाऱ्या स्त्रीसमोर मी हातात अर्ज घेऊन उभी होते. तिने योग्य वाटणारे उत्तर शोधून दिले, यात तिचा काहीच दोष नव्हता. शिवाय निधी देणाऱ्या संस्थेच्या अर्जात उपक्रमाच्या आधीचे आणि नंतरचे वजन व कमरेचा घेर नोंदवायचा होता. त्यासाठी मी खोलीच्या कोपऱ्यात पडद्याआड वजनकाटा ठेवला होता. पडदा होता, पण आकडा मी सहायिकेला मोठ्याने सांगत होते. चौथ्या आठवड्यात १४ पैकी ६ जणी उरल्या.

खरी माहिती मिळाली ती माझ्या तासाला नव्हे, इंग्रजीच्या तासाला. शिक्षिका भूतकाळातील क्रियापदांचा सराव घेत होत्या आणि प्रत्येकीने ‘काल चार वाजता मी काय केले’ यावर एक वाक्य सांगायचे होते. मराठवाड्याच्या बाईंनी सांगितले, “काल चार वाजता मी मुलाचा डबा खाल्ला.” वर्गात हशा पिकला, आणि मग एकेक करून आणखी पाच-सहा जणींनी आपलेही तेच असल्याचे सांगितले. शिक्षिकेने ही गोष्ट जेवणाच्या सुट्टीत मला येऊन सांगितली नसती, तर मी आणखी काही आठवडे ताटाचे चित्रच दाखवत बसले असते.

खरी अडचण

यानंतर मी अर्ज बाजूला ठेवला आणि त्यांच्या दिवसाची घडी समजून घेतली. सकाळी मुलांचे आणि नवऱ्याचे डबे भरण्याच्या घाईत चहा आणि दोन बिस्किटे एवढेच पोटात जाई. वर्ग साडेबाराला सुटे. घरी पोहोचेपर्यंत दीड वाजलेला असे आणि घरात कोणी नसे. मुलांना आणायला सव्वातीनला शाळेच्या दारात उभे राहावे लागे. मुले आली की दप्तरातून अर्धवट खाल्लेला डबा निघे: पिझ्झाचा गार तुकडा, पांढऱ्या ब्रेडचे जॅम लावलेले सँडविच, फळांच्या रसाची उघडलेली डबी. दिवसभराच्या भुकेने आई तो संपवत असे. रात्रीचे जेवण नवरा शिफ्टवरून आल्यावर, साडेनऊ-दहाला. ते भरपूर होई आणि त्यात भात दोन वेळा वाढून घेतला जाई.

मी मराठवाड्याच्या बाईंना विचारले की दीड वाजता घरी गेल्यावर जेवण का होत नाही. त्या म्हणाल्या, “एकटीसाठी कोण स्वयंपाक मांडणार, ताई? गावाकडं आम्ही तिघी जावा. पुरुष माणसं रानात गेली की दुपारी आमचं ताट एकत्र. इथं एकटीनं जेवायला बसलं की घास उतरत नाही.” अफगाणिस्तानातील एका आजींनी दुभाष्याकरवी जवळजवळ हेच सांगितले. त्यांच्याकडे दस्तरखान, म्हणजे जेवणाचे कापड, अंथरला की त्याभोवती माणसे हवीतच.

या उत्तराने माझी समजूतच उलटी झाली. स्थलांतरित स्त्रियांच्या आहाराविषयी बोलताना आपण त्यांच्या पारंपरिक पदार्थांतील तूप, साखर, मैदा आणि तळण यांवर बोट ठेवतो. या स्त्रियांचे मूळ जेवण मुळीच वाईट नव्हते. ज्वारीची भाकरी, डाळ आणि पालेभाजी घ्या, किंवा इरिट्रियाकडची इंजेरा, म्हणजे टेफ या बारीक धान्याची आंबवलेली पोळी, आणि मसूर घ्या, मार्गदर्शिकेतील ताटाला ते सहज उतरते. स्थलांतराने त्यांच्याकडून दुपारच्या जेवणाची संगत हिरावून घेतली होती. पोटात पडणारा तो खड्डा दिवसभर इतर कशाने तरी भरला जात होता. त्याच मार्गदर्शिकेत ताटाच्या चित्राबरोबर ‘इतरांबरोबर जेवा’ ही सूचनाही आहे. मी ती वर्गात एका ओळीत वाचून पुढे गेले होते.

आणखी काही गाठी होत्या. मराठवाड्याच्या बाई एका घराच्या बेसमेंटमध्ये राहत, स्वयंपाकघर वरच्या कुटुंबाबरोबर सामाईक होते. फोडणीच्या वासाबद्दल घरमालकीण दोनदा बोलली होती आणि भाकरी भाजताना तवा तापला की धुराचा भोंगा वाजे. त्यात दुकानातले ज्वारीचे पीठ जुने असे, त्याला विरी नसे, भाकरी थापताना चिरा पडत. शेवटी त्यांनी भाकरी सोडली आणि मैद्याचे गोठवलेले पराठे आणायला सुरुवात केली. मी पहिल्या आठवड्यात त्यांना ‘अख्ख्या धान्याचे खा’ असे सांगितले होते, तेव्हा त्यांनी मान डोलावली होती. हा सल्ला त्यांना नवा नव्हता.

डबा खाण्यामागेही निव्वळ भूक नव्हती. अन्न टाकणे पाप आहे, ही शिकवण त्या खोलीतील प्रत्येक घरात होती, मग ते घर कोणत्याही धर्माचे असो. ‘उरलेला डबा खाऊ नका’ असे सांगणे म्हणजे त्यांना त्यांच्या श्रद्धेविरुद्ध वागायला सांगण्यासारखे होते.

विचारात घेतलेले पर्याय

आम्ही चौघींनी, म्हणजे शिक्षिका, परिचारिका, नवागतांना साहाय्य करणारी कार्यकर्ती आणि मी, बसून पर्याय मांडले. तेच वर्ग त्यांच्या भाषांतील पत्रकांसह पुढे चालवणे सर्वात स्वस्त होते, पण भाषा ही अडचणीची बाजू होती, मूळ नव्हते. दुभाष्यासह प्रत्येकीला स्वतंत्र सल्ला देणे वैद्यकीयदृष्ट्या नेमके ठरले असते, विशेषतः साखर वाढलेल्यांसाठी. मात्र त्यात प्रत्येक जण पुन्हा एकटीच बसणार होती. तिसरा पर्याय किराणा दुकानात घेऊन जाऊन खरेदी शिकवण्याचा होता.

चौथा पर्याय शिक्षिकेने सुचवला: साडेबारा ते अडीच ही वेळ मोकळी आहे, इमारतीत स्वयंपाकघर आहे, मुलांना सांभाळणारी खोली आहे, तर त्यांनी इथेच शिजवून इथेच एकत्र जेवावे. मला तो आवडला आणि त्याची भीतीही वाटली. हलाल, शाकाहार आणि उपवास एकाच स्वयंपाकघरात कसे सांभाळायचे? निधी देणाऱ्यांना ‘जेवण’ हा खर्च कसा समजावायचा? ऑन्टारिओच्या नियमांप्रमाणे अन्न शिजवून वाढण्याच्या जागी अन्नसुरक्षेचे प्रमाणपत्र असलेली व्यक्ती हजर असावी लागते, आणि असे प्रमाणपत्र आमच्यापैकी फक्त माझ्याकडे होते.

आम्ही चौथा पर्याय घेतला, आठवड्यातून दोन दिवस. दुकानाची फेरी त्यातच एका दिवशी करायची आणि साखर वाढलेल्या तिघींना परिचारिकेने स्वतंत्र भेटायचे, असे ठरले. वजनकाटा परिचारिकेच्या खोलीत हलवला आणि ज्यांना हवे त्यांनीच वजन करावे असे सांगितले. निधी देणाऱ्या संस्थेला मी कळवले की कमरेच्या घेराऐवजी आम्ही ‘आठवड्यात किती दिवस दुपारी बसून जेवण झाले’ हे मोजणार आहोत. पत्रव्यवहार बराच लांबला, अखेरीस त्यांनी मान्य केले.

प्रत्यक्ष कृती

हलाल आणि शाकाहाराचा प्रश्न स्त्रियांनीच पहिल्या दहा मिनिटांत सोडवला: स्वयंपाक शाकाहारी, सर्वांना चालेल असा. मग प्रत्येकीने घरचा एक पदार्थ सांगायचा होता, आणि तेव्हा लक्षात आले की मसूर सगळ्यांच्याच घरात आहे. सीरियाच्या बाई जिरे आणि लिंबू घालून त्याचे सार करत, इरिट्रियाच्या बाई बरबरे मसाल्यात आटवत, पंजाबी बाई तडका देत आणि मराठवाड्याच्या बाई लसूण व काळा मसाला घालून आमटी करत. पहिल्या महिन्यात आम्ही चार प्रकारचा मसूर खाल्ला. दुकानाच्या फेरीत पिशवीवर ‘कॅनडात पिकलेले’ असे वाचून सगळ्या थबकल्या. कॅनडा हा मसुराचा जगातील सर्वात मोठा निर्यातदार देश आहे, तो मुख्यतः सस्कॅचेवान प्रांतात पिकतो आणि भारतही तो विकत घेतो, हे मी सांगितले. “म्हणजे गावाकडं दुकानात मिळायचा तो इथलाच असेल?” असे मराठवाड्याच्या बाईंनी विचारले. असू शकेल, असे मी म्हटले. त्या दिवशी त्यांनी मसूर दोन किलो घेतला.

ताजे आणि शिळे यांवर आमची खूप चर्चा झाली. गोठवलेली भाजी आणि डबाबंद छोले हे बहुतेकींच्या दृष्टीने शिळे अन्न होते, आणि म्हणून जानेवारीत महाग, मरगळलेला पालक घेतला जाई किंवा पालेभाजीच घेतली जात नसे. तो ‘ताजा’ पालक कॅलिफोर्निया किंवा मेक्सिकोतून कित्येक दिवसांचा प्रवास करून येतो, गोठवलेला पालक काढणीनंतर लवकरच गोठवतात, आणि डब्यातले छोले पाण्याखाली धुतले की वरचे बरेच मीठ निघून जाते, हे सांगून भागले नाही. दोन्ही पालकांची भाजी शेजारी शेजारी करून चाखली, तेव्हा पटले. मेथीच्या बाबतीत मात्र कोणीच ऐकले नाही, आणि चवीपुरते त्यांचेच खरे होते.

भाकरीचा प्रश्न पंजाबी बाईंनी सोडवला नाही आणि मीही नाही. तो मराठवाड्याच्या बाईंनी स्वतःच्या आईला फोन करून सोडवला: पीठ उकळत्या पाण्यात भिजवून उकड काढून मळायचे, म्हणजे जुन्या पिठालाही चिकटपणा येतो. आमच्या स्वयंपाकघरात धूर ओढून घेणारा मोठा पंखा होता. तेथे त्या दर मंगळवारी आठ-दहा भाकऱ्या थापून घरी नेऊ लागल्या.

चहाबद्दल मी एकच गोष्ट मागितली. जेवणाला लागून चहा घेतला तर डाळी-भाज्यांतील लोह शरीरात कमी शोषले जाते, आणि यांपैकी चौघींना रक्तक्षय होता. लिंबू पिळल्याने उलट ते शोषण वाढते. म्हणून जेवणात लिंबू आणि चहा तासाभराने, निघण्याच्या वेळी. साखर किती घालायची हे मी बोलले नाही; चौथ्या आठवड्यात अफगाणी आजींनी आपणहून साखरेचे भांडे टेबलाच्या मध्यातून उचलून कपाटाजवळ ठेवले.

मुलांच्या डब्याबाबत आम्ही असे ठरवले की डबा अर्धाच भरायचा आणि त्यातला एक पदार्थ मुलाने निवडायचा. जे मूल जेमतेम वीस मिनिटांत, वासावरून चिडवणाऱ्या मुलांच्या शेजारी बसून जेवते, त्याच्या डब्यात भरपूर अन्न देणे म्हणजे ते परत येणार हे ठरलेलेच. परत आले तरी थोडे येईल, आणि आईचे जेवण आधीच झालेले असेल.

रमजानचा निर्णय

उपक्रमाच्या मध्यात रमजान आला आणि हा निर्णय आम्ही वाईट रीतीने हाताळला. वर्गातील बहुतेक जणी मुस्लिम होत्या. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही महिनाभर जेवण बंद ठेवले आणि त्या वेळात सहरी (उपासाआधीचे पहाटेचे जेवण) व इफ्तार (सूर्यास्ताला उपास सोडणे) यांवर बोलायचे ठरवले. ते तास फार चांगले झाले: सहरीत डाळ, अंडी आणि अख्ख्या धान्याची रोटी असेल तर दुपार कशी निभते, इफ्तारच्या सरबतातील साखर कशी कमी करता येते. पण उपास न करणाऱ्या पाच जणींची दुपार पुन्हा रिकामी झाली. त्यांना दुसऱ्या खोलीत जेवायला बसवावे असे आम्हाला सुचले, तेव्हा दोन आठवडे उलटले होते. इरिट्रियातील ख्रिस्ती बाई नंतर परतल्याच नाहीत. त्यांचे स्वतःचे लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यांतले, उपासही साधारण त्याच दिवसांत होते, आणि ते आम्ही विचारलेदेखील नव्हते.

परिणाम

वर्षाअखेरीस नियमित येणाऱ्या १० जणी होत्या. घरी असलेल्या दिवशीही दुपारी बसून जेवतो, असे त्यांपैकी आठ जणींनी सांगितले. एकाच इमारतीत राहणाऱ्या तिघी आळीपाळीने एकमेकींकडे जेवू लागल्या होत्या, आणि माझ्या दृष्टीने उपक्रमाचे सर्वात मोठे फळ हेच आहे, कारण ते आमच्याशिवाय चालू होते. दोघींनी अन्नसुरक्षेची परीक्षा दिली आणि एकीला त्या प्रमाणपत्रावर उपाहारगृहात काम मिळाले.

वजनात सांगण्यासारखा फरक पडला नाही. मराठवाड्याच्या बाईंचा आकडा आठ महिन्यांनी ६.२ वरून ६.० वर आला. एवढ्या लहान फरकावरून मी काही दावा करणार नाही. तो वाढला नाही एवढेच मी त्यांना सांगितले आणि दर सहा महिन्यांनी तपासत राहायला सांगितले.

वेगळे काय करता आले असते

सर्वात मोठी चूक खरेदीबाबत झाली. वेष्टन वाचायला मी ज्यांना शिकवले, त्यांपैकी बहुतेकींच्या हातात खरेदी नव्हतीच. गाडी आणि बँकेचे कार्ड नवऱ्याकडे, खरेदी रविवारी, घाऊक दुकानात. आठवडाभराचे तेल, मैदा आणि रसाची खोकी तो आणणार, आणि त्यात बसेल ते ती शिजवणार. हे मला फार उशिरा कळले. मग रविवारी दुकानात एक फेरी ठेवली आणि नवऱ्यांना बोलावले. तिघे आले. त्यांतील एकाने रसाच्या एका पेल्यात वीस ग्रॅमहून अधिक साखर असल्याचे वाचून विक्रेत्यालाच जाब विचारला. ती फेरी दुसऱ्या आठवड्यात व्हायला हवी होती, आणि बायकांनी स्वतःचे कार्ड कसे काढायचे हा विषय आहाराच्या उपक्रमात बसतो असे मी तेव्हा मानायला हवे होते.

वजनकाट्यामुळे गेलेल्या स्त्रियांपैकी तिघी परत आल्याच नाहीत. त्यांना फोन करून क्षमा मागायला मी तीन महिने घेतले. सणांचे आणि उपासांचे वेळापत्रक पहिल्या दिवशी प्रत्येकीला विचारणे ही तर पाच मिनिटांची गोष्ट होती.

एका प्रश्नाला आमच्याकडे अजून उत्तर नाही. मराठवाड्याच्या बाईंना पुढे गोदामात पॅकिंगचे काम मिळाले, दुपारी तीन ते रात्री साडेअकरा. इंग्रजीचा वर्ग सुटला आणि मंगळवारचे जेवणही. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असते आणि गरम करण्याचे यंत्र एकच, त्यासमोर रांग. त्यांनी फोनवर सांगितले की त्या आता भाकरी आणि घट्ट मसूर गारच नेतात, आणि रांगेत उभ्या राहण्याऐवजी शेजारच्या पट्ट्यावर काम करणाऱ्या एका तमिळ बाईंबरोबर बसतात. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या स्त्रियांसाठी सकाळी अकराचे एक जेवण सुरू करता येईल का, हे आम्ही आता पाहत आहोत. स्वयंपाकघर त्या वेळेला दुसऱ्या उपक्रमाकडे आहे.